गोषवारा : संशोधनाचा आरसा की जाहिरात?

परिषदांचा हंगाम जवळ आला की आमच्याकडे गोषवाऱ्यांचा गठ्ठा परीक्षणासाठी येतो. पूर्वी तो टपालाने जाड पाकिटातून येत असे, आता संगणकावर येतो. कामाचे स्वरूप मात्र बदललेले नाही. प्रत्येक गोषवारा साधारण अडीचशे ते तीनशे शब्दांचा असतो. तो वाचायचा, गुण द्यायचे आणि पुढचा उघडायचा. एका बैठकीत तीस-चाळीस गोषवारे संपवायचे असतात. त्यामुळे एकाच्या वाट्याला पाच-सात मिनिटे येतात. तेवढ्या वेळात कोणाच्या तरी दोन-तीन वर्षांच्या श्रमांचा निकाल लागतो.

या लेखात आम्हाला परीक्षण करायचे आहे ते एखाद्या गोषवाऱ्याचे नव्हे, तर गोषवारा या लेखनप्रकाराचेच. शिक्षकांशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. १९९३ पासून देशभर राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरते आणि तिच्यासाठी मुले प्रकल्पाचा अहवाल व गोषवारा लिहितात. तो लिहून घेणारे शिक्षक आपल्या वाचकांत नक्कीच असतील. शिवाय वर्तमानपत्रातल्या 'संशोधनातून सिद्ध झाले आहे की...' अशा पुष्कळ बातम्यांच्या मुळाशी एखादा गोषवाराच असतो. संपूर्ण शोधनिबंध वाचणारे थोडे, गोषवारा वाचून मत बनवणारे फार.

सहा चौकटी

आमचे क्षेत्र आरोग्यसेवा संशोधनाचे. एखादे औषध रोग बरा करते का, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा. ते औषध रुग्णापर्यंत पोचते का, वेळेवर पोचते का, किती खर्चात पोचते आणि कोणाच्या वाट्याला येतच नाही, हे प्रश्न आमचे. अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेचे मोजमाप कसे करावे यावर एक निबंध लिहिला. रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशी तीन अंगे त्यांनी त्यात मांडली. दवाखान्यात काय आहे, तिथे काय केले जाते आणि त्यामुळे रुग्णाचे काय होते, असे हे साधे विभाजन आहे. आजही या क्षेत्राचा विद्यार्थी तिथूनच सुरुवात करतो.

या क्षेत्रातल्या परिषदांसाठी गोषवारा पाठवताना साधारणपणे सहा शीर्षकांच्या चौकटी भराव्या लागतात : संशोधनाचा हेतू, अभ्यासाची आखणी, अभ्यासलेला लोकसमूह, प्रमुख निष्पत्ती, निष्कर्ष आणि धोरणासाठी किंवा व्यवहारासाठी बोध. ही पद्धत चांगल्या हेतूने आली. १९८७ साली वैद्यकीय साहित्याची चिकित्सा करणाऱ्या एका अभ्यासगटाने गोषवारे ठरावीक शीर्षकांखाली लिहावेत अशी सूचना केली. त्यापूर्वी गोषवारा म्हणजे एक सलग परिच्छेद असे. त्यात किती रुग्ण होते, तुलना कोणाशी केली, हे सांगायचे राहून गेले तरी कोणाच्या ध्यानात येत नसे. चौकटी आल्यामुळे रिकामी जागा डोळ्यांना दिसू लागली. हा लाभ खरा आहे, तो आम्ही नाकारत नाही.

पण या सहा चौकटी पुन्हा नीट पाहा. 'तुलना कोणाशी केली' अशी स्वतंत्र चौकट त्यांत नाही. 'या अभ्यासाच्या मर्यादा' अशीही नाही. 'गोळा करायची माहिती पूर्ण झाली आहे का' असेही कोणी विचारत नाही. उलट 'धोरणासाठी बोध' ही चौकट मात्र प्रत्येकाने भरायचीच असते. ज्या अभ्यासातून धोरणकर्त्यांना सांगण्यासारखे अजून काही निघालेले नाही, त्यालाही काहीतरी सांगावेच लागते. प्रश्नपत्रिकेत ज्या प्रश्नाला गुण असतात त्याचेच उत्तर विद्यार्थी लिहितो. संशोधकही विद्यार्थीच.

कॅमडेनची गोष्ट

याचा परिणाम काय होतो हे दाखवणारे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. न्यू जर्सी राज्यातल्या कॅमडेन या गरीब शहरात डॉ. जेफ्री ब्रेनर यांना आढळले की रुग्णालयांच्या खर्चाचा मोठा हिस्सा थोड्याच रुग्णांवर होतो. अनेक आजार, जोडीला दारिद्र्य, कोणाला राहायला धड घर नाही, अशी ही माणसे पुनःपुन्हा रुग्णालयात दाखल होत. त्यांच्यासाठी परिचारिका, समाजसेवक आणि आरोग्य कार्यकर्ते यांचे एक पथक तयार झाले. पथक रुग्णाच्या घरी जाई, औषधे समजावून सांगे, डॉक्टरांकडे जाताना सोबत करी.

शल्यचिकित्सक आणि लेखक अतुल गवांदे यांनी जानेवारी २०११ मध्ये 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात या कामावर एक लेख लिहिला. (त्यांचे वडील महाराष्ट्रातून अमेरिकेला गेलेले.) पहिल्या ३६ रुग्णांचे आकडे त्यात होते. योजनेत येण्यापूर्वी या रुग्णांच्या मिळून महिन्याला सरासरी ६२ रुग्णालय-फेऱ्या होत, नंतर त्या ३७ झाल्या. म्हणजे ४० टक्के घट. काही रुग्ण आपोआपही सुधारले असतील, अशी शंका त्याच लेखात नोंदवलेली होती. पण शंका मागे राहते आणि आकडा पुढे जातो. ही कल्पना देशभर गाजली आणि इतर शहरांनी ती उचलली.

आता कल्पना करा, हे आकडे सहा चौकटींत घालून कोणी परिषदेला पाठवले असते. हेतू उदात्त, लोकसमूह स्पष्ट, निष्पत्ती ठळक, बोध तर थेट शासनाला उपयोगी. आमच्यासारख्या परीक्षकाने पाच मिनिटांत त्याला वरचे गुण दिले असते. खरे सांगायचे तर आम्हीही दिले असते.

कॅमडेनच्या मंडळींचे मोठेपण असे की त्यांनी स्वतःच आपल्या योजनेची कठोर परीक्षा होऊ दिली. अ‍ॅमी फिंकेलस्टाइन आणि त्यांचे सहकारी यांनी ८०० रुग्णांवर प्रयोग केला. कोणाला पथकाची सेवा द्यायची आणि कोणाला नेहमीचीच, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले. निकाल जानेवारी २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. रुग्णालयातून सुटल्यावर १८० दिवसांत पुन्हा दाखल होणाऱ्यांचे प्रमाण सेवा मिळालेल्या गटात ६२.३ टक्के होते आणि न मिळालेल्या गटात ६१.७ टक्के. म्हणजे फरक नाही.

या निबंधाच्या गोषवाऱ्यातले एक वाक्य प्रत्येक परीक्षकाने भिंतीवर लावावे असे आहे. त्याचा आशय असा : केवळ सेवा मिळालेल्या गटाचे आधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने ताडून पाहिले असते, तर दाखल होण्याच्या प्रमाणात ३८ टक्के-अंकांची घट दिसली असती. पण ती दिशाभूल ठरली असती, कारण सेवा न मिळालेल्या गटातही जवळपास तेवढीच घट झाली होती.

वर्गात घडणारी तीच गोष्ट

सेवा न मिळताही घट कशी झाली? घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुले निवडा. त्यांना महिनाभर जादा तास द्या आणि पुन्हा चाचणी घ्या. त्यांची सरासरी बहुधा वाढलेली दिसेल. जादा तासांचा उपयोग झाला, असे आपण म्हणू. पण जादा तास न घेताही त्यांची सरासरी काहीशी वाढलीच असती. त्या दहांपैकी कोणी त्या दिवशी तापाने फणफणलेला होता, कोणाचा नेमका न वाचलेला धडा आला होता. वाईट दिवस पाहून निवड केली, म्हणून पुढचा दिवस सरासरीने बरा निघतो. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडील आणि मुले यांच्या उंचीच्या अभ्यासात हे दाखवले. खूप उंच आईवडिलांची मुले सरासरीने त्यांच्याहून कमी उंच निघतात आणि खूप बुटक्यांची त्यांच्याहून उंच. संख्याशास्त्रात याला मध्याकडे परतणे म्हणतात.

कॅमडेनचे रुग्ण निवडले गेले ते रुग्णालयात दाखल असताना, म्हणजे त्यांच्या सर्वांत वाईट काळात. त्यानंतरचे महिने काहीसे बरे जाणारच होते. 'आधी आणि नंतर' या तुलनेतला हा सापळा तौलनिक गटाशिवाय ओळखता येत नाही. आणि तौलनिक गटाची चौकट आपल्या सहांत नाही.

गोषवारा आणि निबंध

हे एकट्यादुकट्याचे उदाहरण नाही. गोषवाऱ्यांवरच पुष्कळ संशोधन झाले आहे आणि ते वाचताना मन खट्टू होते. १९९९ साली पिटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतले गोषवारे मूळ निबंधांशी ताडून पाहिले. गोषवाऱ्यातली माहिती निबंधाशी जुळत नाही किंवा निबंधात सापडतच नाही, अशांचे प्रमाण नियतकालिकागणिक १८ ते ६८ टक्के निघाले. हे तर छापून आलेल्या, संपादकांच्या नजरेखालून गेलेल्या लेखांचे. परिषदेच्या गोषवाऱ्यामागे ताडून पाहायला निबंधच नसतो.

२०१० साली इझाबेल बुत्रों आणि सहकाऱ्यांनी असे ७२ प्रयोग घेतले की ज्यांत मुख्य निष्पत्तीत लक्षणीय फरक आढळलेला नव्हता. त्यांपैकी ५८ टक्के गोषवाऱ्यांच्या निष्कर्षात शब्दांची अशी फिरवाफिरव होती की वाचणाऱ्याला उपचार उपयोगी आहे असेच वाटावे. यांत खोटे आकडे दिलेले नसतात. मुख्य गोष्टीत फरक नसला तर दुय्यम गोष्टीतला फरक पुढे आणायचा, 'फरक आढळला नाही' याऐवजी 'आशादायक कल दिसला' म्हणायचे, एवढेच.

पुढचा प्रश्न, परिषदेत वाचलेल्या गोषवाऱ्यांचे पुढे काय होते? २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात तीन लाखांहून अधिक गोषवाऱ्यांचा हिशेब आहे. त्यांपैकी संपूर्ण निबंध म्हणून प्रसिद्ध झाले ३७.३ टक्के. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या प्रयोगांत हे प्रमाण बरे होते, सुमारे ६० टक्के. अनुकूल निकाल निघालेले काम प्रसिद्ध होण्याची शक्यता अधिक, असेही त्यात दिसले. निबंध का लिहिला नाही, असे संशोधकांना विचारले तर सर्वांत जास्त वेळा येणारे उत्तर आहे, 'वेळ मिळाला नाही'.

आमचा एक गोषवारा

दुसऱ्यांना बोल लावून थांबणे योग्य नाही, म्हणून स्वतःचे सांगतो. नव्याने पीएच. डी. मिळवली होती त्या काळातली गोष्ट. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना घरी आठवणपत्र पाठवले तर ते ठरल्या तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात पुन्हा येतात का, असा आमचा अभ्यास होता. परिषदेची मुदत संपत आली तेव्हा जेमतेम निम्म्या गावांची मोजणी झाली होती. तेवढ्यावर फरक चांगला दिसत होता. आम्ही 'लक्षणीय सुधारणा' असे लिहिले आणि बोधाच्या चौकटीत 'ही पद्धत सर्व केंद्रांत राबवावी' अशी शिफारसही केली. गोषवारा स्वीकारला गेला. आम्ही पेढे वाटले.

परिषदेच्या आधी उरलेली मोजणी पूर्ण झाली आणि फरक जवळपास नाहीसा झाला. आधी मोजलेली गावे केंद्राच्या जवळची होती, एवढेच त्यात होते. परिषदेत बोलताना शेवटी आम्ही ते एका वाक्यात सांगितले. समोर दहा-बारा श्रोते होते. पुस्तिका त्यापूर्वीच छापून झाली होती. 'फरक नाही' असा निबंध लिहिण्याचा उत्साह उरला नाही, आणि कारण विचारले असते तर आम्हीही 'वेळ मिळाला नाही' असेच सांगितले असते.

सात-आठ वर्षांनी एक तरुण डॉक्टर आम्हाला भेटायला आले. हातात त्या पुस्तिकेतल्या पानाची छायाप्रत होती. "सर, तुमच्या या अभ्यासाच्या आधारावर आम्ही तालुक्यात आठवणपत्रांची योजना आखली आहे. छपाईचे पैसेही मंजूर झालेत. तुमचा संपूर्ण निबंध कुठे मिळेल?" आम्ही काय उत्तर देणार? त्यांना बसवून सगळे सांगितले. ते काही बोलले नाहीत. छायाप्रतीची नीट घडी करून त्यांनी ती पिशवीत ठेवली. ती घडी आम्हाला अजून आठवते. त्या पैशांतून तालुक्यात रक्तदाब मोजण्याची चार यंत्रे आली असती.

चांगला गोषवारा कसा असतो

गोषवारा हा प्रकारच मोडीत काढावा, असे आमचे म्हणणे नाही. अडीचशे शब्दांत खरे सांगता येते, आणि याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकारी यांचा गडचिरोलीतील घरोघरच्या नवजात-बालसेवेवरचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्याचा गोषवारा वर्गात वाचून दाखवावा असा आहे.

सेवा दिलेली गावे ३९, तुलनेची गावे ४७. सेवा सुरू करण्यापूर्वी दोन वर्षे (१९९३ ते १९९५) केवळ नोंदी ठेवल्या, नंतर तीन वर्षे सेवा दिली. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजात बालकांपर्यंत सेवा पोचली. नवजात मृत्युदरात ६२.२ टक्के निव्वळ घट झाली. यातला 'निव्वळ' हा शब्द महत्त्वाचा, कारण तुलनेच्या गावांतला बदल हिशेबात घेऊन उरलेली ही घट आहे. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांतले मृत्यूचे प्रमाण आधी १६.६ टक्के होते (१६३ रुग्ण), गावातल्या आरोग्य कार्यकर्तींनी उपचार सुरू केल्यावर २.८ टक्के झाले (७१ रुग्ण). टक्क्यांशेजारी रुग्णसंख्या दिलेली असल्याने वाचक स्वतः पडताळा घेऊ शकतो. खर्चही दिला आहे : दर बालकामागे ५.३ डॉलर, आणि दर १८ बालकांच्या सेवेमागे एक मृत्यू टळला.

यातही एक उणीव दाखवता येईल. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, त्यामुळे दोन्ही गटांत मुळातच काही फरक असू शकतो. पण दोन वर्षांच्या आधीच्या नोंदी आणि तुलनेची गावे समोर ठेवल्यामुळे ही शंका घेण्याची सोय लेखकांनीच करून दिली आहे. आम्हाला चांगल्या गोषवाऱ्याची हीच खूण वाटते. वाचकाला शंका घेता यावी एवढी सामग्री त्यात असावी. पुढे २०११ साली केंद्र शासनाने आशा कार्यकर्तींमार्फत अशी सेवा देशभर सुरू केली. बोधाची चौकट त्यांना कल्पनेने भरावी लागली नाही.

दुसरी बाजू

आमच्या टीकेवर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. परिषद ही अर्धवट कामासाठीच असते. तिथे चुका कळाव्यात, कोणीतरी 'हे पुन्हा तपासा' म्हणावे, यासाठीच माणसे जमतात. सर्व काम पुरे झाल्यावरच या म्हटले, तर लहान गावातल्या, मोठ्या संस्थेचे पाठबळ नसलेल्या तरुण संशोधकाला कधीच उभे राहता येणार नाही. हे आम्हाला मान्य आहे. आमचाही पहिला प्रवेश अशाच दारातून झाला. म्हणून अर्धवट कामाला आमची हरकत नाही. अर्धवट काम पुरे झाल्यासारखे सांगायला लावणाऱ्या चौकटींना हरकत आहे.

उपाय फार अवघड नाहीत. प्रयोगांच्या गोषवाऱ्यात काय काय असावे याची 'कॉन्सॉर्ट' या नावाने ओळखली जाणारी यादी २००८ सालीच तयार झाली आहे. परिषदांनी आणखी तीन गोष्टी कराव्यात. 'तुलना' आणि 'मर्यादा' या दोन चौकटी घालाव्यात. माहिती किती टक्के गोळा झाली आहे ते विचारावे आणि ते छापावे. आणि बोधाची चौकट रिकामी ठेवण्याची मुभा द्यावी. परीक्षकांनीही 'फरक आढळला नाही' असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याचे गुण कापू नयेत. कॅमडेनच्या त्या एका वाक्याने कितीतरी शहरांना विचार करायला लावले, हे विसरू नये.

शाळेत काय करता येईल

बालविज्ञान परिषदेच्या प्रकल्पांसाठी आम्ही काही शाळांत एक साधी पद्धत करून पाहिली आहे. मुलांना गोषवारा दोनदा लिहायला सांगावा. पहिला, प्रयोग सुरू होण्यापूर्वी, आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवून : 'गांडूळखत घातलेल्या ... कुंड्यांतील रोपांची सरासरी उंची ... सेंमी. आणि न घातलेल्या ... कुंड्यांतील ... सेंमी. झाली.' असे वाक्य आधी लिहायला बसले की तुलनेच्या कुंड्या लागतील हे मुलांना आपोआप उमगते. दुसरा गोषवारा प्रयोग संपल्यावर लिहावा. त्यात फक्त मोकळ्या जागा भरायच्या, वाक्य बदलायचे नाही. बदलावेसे वाटले तर का, ते खाली लिहायचे.

एका शाळेत सातवीच्या एका मुलीच्या दोन्ही आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरचाही फरक निघाला नाही. ती रडवेली झाली. "बाई, माझा प्रकल्प फुकट गेला." बाईंनी तिला विचारले, "अगं, तुझी मोजणी चुकली का?" "नाही बाई, मी तीनदा मोजलंय." "मग फुकट कसा गेला? तीनदा मोजलंस हेही लिही."

तिने ते लिहिले. आमच्याकडे येणाऱ्या गठ्ठ्यात असे वाक्य आम्ही अजून शोधतो आहोत.